मस्तकावरील विरळ कर्करोग आणि त्यांचें निदान

(नभोवाणीवरील भाषण)

मनुष्याला आपल्या शरीराचे बहुतेक भाग स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतां येतात. परंतु स्वतःचें मस्तक मात्र त्याला कधींच नीट पाहतां येत नाहीं. आरशांत चेहरा दिसतो, कपाळ दिसतें. टाळू आणि डोक्याची मागची बाजू दुसऱ्यानेंच पाहावयाची असते. त्यांतून त्या जागेवर केसांचें छप्पर असतें. यामुळें मस्तकाच्या त्वचेवर उत्पन्न होणारा रोग रोग्याच्या नजरेस पडण्यापूर्वीं वेणी घालणाऱ्या आईच्या, तेल चोळणाऱ्या बायकोच्या किंवा हजामत करणाऱ्या न्हाव्याच्या हाताला लागतो. तो हाताला लागल्यावर कोणी काय करतें, यावर पुष्कळदां रोग्याचें पुढील सारें आयुष्य अवलंबून असतें.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. डोक्यावर आलेली प्रत्येक गांठ कर्करोगाची नसते. किंबहुना बहुतेक गांठी निरुपद्रवी असतात. कोंडा, खवडे, चाई, उवा खाजविल्यामुळें होणारीं गळवें, चामखीळ, तीळ आणि सर्वांच्या परिचयाचें आवाळूं हीच मस्तकावरील नेहमींची मंडळी होय. आवाळूं म्हणजे केसाच्या मुळाशीं झालेली, आंत पांढरट पदार्थ भरलेली पिशवी. तें वर्षानुवर्षें तसेंच राहतें, बोटाखालीं हलतें, दुखत नाहीं. एखाद्या घराण्यांत तें आई आणि मुली अशा दोघींच्याही डोक्यावर आढळतें. अशा शेंकडों साध्या गांठींमध्यें एखादीच गांठ दुष्ट निघते. आणि ती विरळ असते म्हणूनच तिची शंका कोणाला येत नाहीं. विरळ रोगाचें निदान अवघड होण्याचें पहिलें कारण हेंच आहे.

भारतीय लोकांत त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या मानानें पुष्कळच कमी आढळतो. त्वचेंतील काळा रंग सूर्याच्या अतिनील किरणांना अडवितो, हें त्याचें मुख्य कारण. परंतु एवढ्यावरून काळ्यासावळ्या माणसाला हा रोग होतच नाहीं असें मानणें चुकीचें आहे. हा धडा देणारें एक प्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्रांतच घडलें. मुंबईस परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांजकडे होती. कमरेवर, नेमक्या धोतराच्या गांठीच्या रेषेंत, व्रण झालेले रोगी त्यांना आढळले. वर्षानुवर्षें घट्ट आवळलेल्या धोतराच्या घर्षणानें तेथील त्वचेचा रंग जाई, ती जाड होई, आणि पुढें तेथें कर्करोगाचा व्रण उठे. १९४५ सालीं खानोलकर व त्यांच्या सहकारी यांनीं हा ‘धोतराचा कर्करोग’ जगापुढें मांडला. काश्मिरांत पोटाशीं कांगडी धरून बसणाऱ्यांच्या अंगावर होणारा कर्करोग त्यापूर्वींच वैद्यांना ठाऊक झाला होता. या दोन्ही ठिकाणीं ऊन हें कारण नव्हे. रोग्याची राहणी, त्याचा पेहराव, त्याची जुनी जखम यांची विचारपूस केल्यावांचून त्वचेच्या रोगाचा उलगडा होत नाहीं, हें खानोलकरांच्या कामाचें सार आहे. आणि मस्तकाच्या बाबतींत तें विशेष लागू पडतें.

मस्तकाची त्वचा इतर त्वचेहून वेगळी आहे. तिच्यांत सुमारें एक लाख केसांचीं मुळें असतात. प्रत्येक मुळाशीं तेलकट द्रव सोडणाऱ्या ग्रंथि असतात, शेजारीं घामाच्या ग्रंथि असतात, आणि रक्तवाहिन्यांचें जाळें तर इतकें दाट असतें कीं लहानशी खोकहि भळभळां वाहते. त्वचेखालीं चरबीचा थर, त्याखालीं चिवट पडदा, त्याखालीं सैल जाळी, आणि शेवटीं कवटीच्या हाडावरील आवरण, असे एकाखालीं एक थर आहेत. या प्रत्येक घटकापासून निराळ्या जातीचा कर्करोग उद्भवूं शकतो. केसांच्या मुळापासून एक, तेलाच्या ग्रंथीपासून दुसरा, घामाच्या ग्रंथीपासून तिसरा, रक्तवाहिनीपासून चौथा. म्हणूनच मस्तक ही तळहाताएवढी जागा असूनहि तेथें रोगांची नांवें मात्र पुष्कळ. शिवाय खालची सैल जाळी रोगाला आडवें पसरण्यास वाट देते. वरून रुपयाएवढा दिसणारा डाग आंतून वितीएवढा पसरलेला असूं शकतो.

आतां हा रोग जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगराळ मुलुखांत कसा ओळखावयाचा, याचा विचार करूं गेल्यास कांहीं विशेष अडचणी समोर येतात. एके काळचें मुकणे राजांचें हें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें आणि २०१४ पासून तें पालघर जिल्ह्यांत आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांची ही वस्ती. येथें लाकडाची मोळी, पाण्याचा हंडा, भाताचा भारा हीं सारीं डोक्यावरूनच जातात. चुंबळ हा येथील बाईचा नित्याचा सोबती. त्यामुळें डोक्यावर कांहीं उठलें कीं ‘ओझ्यानें आलें’ किंवा ‘मोळीचें लाकूड लागलें’ असें कारण सहज सुचतें, आणि तें सर्वांना पटतेंहि. ओझें वाहिल्यानें मस्तकाचा कर्करोग होतो असें कोठेंहि सिद्ध झालेलें नाहीं. धोका निराळाच आहे. ओझें हें तयार उत्तर हाताशीं असल्यामुळें पुढचा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. मग गांठीवर बिब्बा लावला जातो, चुना लावला जातो, क्वचित् डागहि दिला जातो. आणि भाजलेल्या त्या जागेचें मूळ रूप इतकें बदलतें कीं पुढें जाणत्या डॉक्टरालाहि नुसत्या पाहण्यानें कांहीं कळत नाहीं.

या विरळ रोगांपैकीं ज्यांची लक्षणें सामान्य माणसाला लक्षांत ठेवतां येतील, असे कांहीं पुढीलप्रमाणें आहेत.

पहिला रक्तवाहिन्यांपासून उठणारा कर्करोग. हा बहुधा उतारवयांत, साठी-सत्तरी ओलांडलेल्यांना होतो, आणि मस्तक व चेहरा ही त्याची आवडती जागा. तो गांठीच्या रूपानें येईलच असें नाहीं. मार लागून रक्त साकळावें तसा जांभळट, निळसर डाग प्रथम दिसतो. त्याची कड कोठें संपते तें कळत नाहीं. म्हाताऱ्या माणसाला केव्हां ना केव्हां कांहीं लागलेलें असतेंच. त्यामुळें तो डाग माराचाच समजला जातो. परंतु माराचा डाग रंग बदलतो. काळानिळा, मग हिरवट, मग पिवळट होत दोन-तीन आठवड्यांत तो नाहींसा होतो. महिन्यानंतरहि जो डाग जात नाहीं, उलट पसरतो, ज्यांतून फणी लागतांच रक्त येतें, तो माराचा नव्हे असें समजून परीक्षा करविलीच पाहिजे. या सर्व रोगांत हा अत्यंत उग्र असल्यामुळें येथें गमावलेला प्रत्येक आठवडा महाग पडतो.

दुसरा रोग याच्या अगदीं उलट स्वभावाचा आहे. त्वचेच्या खोल थरांतील तंतुमय पेशींपासून तो निघतो. तरुण किंवा मध्यम वयांत कडक, रबरासारखा एक चट्टा येतो. तो वर्षानुवर्षें मुंगीच्या पावलांनीं वाढतो आणि मग त्यावर उंचवटे उठतात. दुखत नाहीं, म्हणून कोणी लक्ष देत नाहीं. १९२४ सालीं फ्रान्समध्यें दारिये व फेरां या वैद्यांनीं याचें वर्णन केलें. अमेरिकेंत वर्षाला दहा लाख लोकांमागें सुमारें चारांनाच तो होतो, इतका तो विरळ. सूर्याच्या उन्हाशीं त्याचा संबंध नाहीं, म्हणून काळी त्वचा याच्यापासून रक्षण करीत नाहीं. याची खूण म्हणजे काढल्यावर तो पुन्हां त्याच जागीं येतो. कारण वरील गोळा काढला तरी झाडाच्या मुळ्यांसारखे त्याचे धागे आसपास राहिलेले असतात. ‘एकदां काढलें होतें, पुन्हां आलें’ हें वाक्य ज्या डॉक्टरानें ऐकलें त्यानें थांबून विचार करावा.

तिसरा, १९७२ सालीं अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ टोकर यांनीं वर्णिलेला, मेर्केलच्या पेशींचा कर्करोग. तांबूस किंवा जांभळट, गुळगुळीत, घुमटासारखी आणि न दुखणारी गांठ कांहीं आठवड्यांतच दुप्पट होते. भारतांत तो फारच क्वचित् दिसतो, परंतु वृद्धांत आणि रोगप्रतिकारशक्ति खालावलेल्यांत त्याची आठवण ठेवावी लागते. २००८ सालीं या गांठींत एक नवा विषाणु सांपडल्यामुळें त्याच्या उत्पत्तीवर पुष्कळ प्रकाश पडला आहे.

चौथा वर्ग केसांचीं मुळें, तेलाच्या आणि घामाच्या ग्रंथि यांपासून होणाऱ्या कर्करोगांचा. यांतला एक प्रकार प्रौढ स्त्रियांच्या मस्तकावर, कित्येकदां जुन्या आवाळवासारख्याच गांठींतून उत्पन्न होतो. वीस वर्षें शांत बसलेलें आवाळूं जर एकाएकीं वाढूं लागलें, फुटलें, त्यांतून दुर्गंधी पाणी वाहूं लागलें, तर तें पिकलें असें म्हणून स्वस्थ बसूं नये. पिकलेलें आवाळूं औषधानें आठ-पंधरा दिवसांत निवतें. हें निवत नाहीं. जन्मापासून डोक्यावर असलेला पिवळट, खडबडीत, केस नसलेला डाग हाहि लक्षांत ठेवण्यासारखा आहे. त्यावर वयांत आल्यानंतर उठणाऱ्या बहुतेक गांठी साध्या असल्या तरी क्वचित् एखादी तशी नसते.

पांचवा, जुन्या व्रणावरील कर्करोग. फ्रेंच शल्यवैद्य मार्जोलें यांचें नांव त्याला मिळालें आहे. लहानपणीं चुलींत किंवा शेकोटींत पडून डोकें भाजलेलें मूल मोठें होतें. तेथें केस उगवत नाहींत, त्वचा पातळ व तुकतुकीत राहते, आणि वीस-तीस वर्षांनीं तींत भेग पडून जखम होते. ती कधीं मिटते, कधीं उघडते. भाजलेल्या जागेवर जखम व्हावयाचीच, अशी समजूत असल्यामुळें तिकडे काणाडोळा होतो. थंडींत शेकोटीवांचून ज्या पाड्यांवर रात्र निघत नाहीं, तेथें ही खूण प्रत्येक घरीं माहीत असावी. भाजल्याच्या जुन्या वणावरील जी जखम सहा आठवड्यांत भरत नाहीं, तिचा तुकडा तपासला गेला पाहिजे.

याखेरीज दोन प्रकारच्या माणसांकडे विशेष लक्ष हवें. ज्यांच्या त्वचेंत जन्मतःच रंग नसतो अशीं गोरींपिंगट माणसें, आणि उन्हांत गेल्याबरोबर ज्यांच्या अंगावर बालपणींच ठिपके-ठिपके उठतात अशीं मुलें. या दोघांना ऊन हा खरा शत्रु आहे. रुंद कडेची टोपी, फडकें, सावलींतील काम आणि वेळोवेळीं तपासणी हींच त्यांचीं औषधें.

आणि कधीं कधीं मस्तकावरील गांठ मस्तकाची नसतेच. स्तन, फुप्फुस, मूत्रपिंड किंवा गळ्यांतील ग्रंथि यांचा कर्करोग रक्तावाटे येऊन डोक्याच्या त्वचेंत किंवा कवटींत ठाण मांडतो, आणि मूळ रोगाआधीं हीच गांठ दिसूं लागते. म्हणून डोक्यावरची गांठ पाहणाऱ्यानें रोग्याचा गळा, छाती आणि पोटहि पाहिलें पाहिजे.

निदानाची रीत खरें पाहतां साधी आहे. प्रथम विचारपूस. गांठ केव्हां दिसली, किती वेगानें वाढली, पूर्वीं काढली होती काय, तेथें भाजलें होतें काय, डोक्यावर कधीं किरणोपचार झाले होते काय? या शेवटच्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. १९०४ सालीं पॅरिसच्या साबूरो यांनीं खवड्यांवर क्ष-किरणांचा उपाय रूढ केला. १९५८ च्या सुमारास ग्रिझिओफल्विन हें पोटांत घेण्याचें औषध येईपर्यंत जगांतील लक्षावधि मुलांना तो मिळाला. मुलांचे केस गळत, खवडे जात, आणि सर्वांना समाधान वाटे. परंतु इस्रायलमध्यें अशा सुमारें अकरा हजार मुलांचा पुढें अनेक वर्षें मागोवा घेतला, तेव्हां त्यांच्यांत मस्तकाच्या त्वचेचे, मेंदूचे आणि गळ्यांतील ग्रंथीचे अर्बुद इतरांहून अधिक आढळले. रोग आणि त्याचें कारण यांत तीस-तीस वर्षांचें अंतर पडूं शकतें. म्हणून न विचारलेला प्रश्न कित्येकदां निदानच हरवून बसतो.

मग हातानें तपासणी. केस बाजूला सारून, जरूर तर कापून, जागा उजेडांत पाहावी. गांठ हाडावर सरकते कीं चिकटली आहे, मऊ कीं कठीण, कड स्पष्ट कीं धूसर, तींत नाडीसारखे ठोके लागतात काय, हें बोटांनीं कळतें. मस्तकाच्या पुढल्या भागांतील रोग कानापुढील ग्रंथींकडे आणि मागल्या भागांतील रोग मानेकडे जातो. तेथें सूज आहे काय हें पाहावें. एक इशारा येथें अवश्य द्यावयास हवा. लहान मुलाच्या डोक्यावर अगदीं मध्यरेषेंत असलेली, किंवा रडतांना फुगणारी, ठोके देणारी गांठ गांवांत कापूं नये. तिचा संबंध आंत मेंदूपर्यंत असूं शकतो. तिचें चित्र आधीं मोठ्या रुग्णालयांत काढलें पाहिजे.

इतकें झाल्यावर शेवटचा निर्णय मात्र डोळा किंवा बोट देऊं शकत नाहीं. तो सूक्ष्मदर्शक यंत्रच देतें. संशयित जागेचा लहानसा तुकडा, जागा बधिर करून, काढावयाचा. तो वरवर खरवडलेला नसावा. चरबीच्या थरापर्यंत खोल असावा. पसरट जांभळ्या डागाचे तुकडे दोन-तीन ठिकाणांहून घ्यावे, कारण एका ठिकाणीं रोग नसला तरी शेजारीं असूं शकतो. विकृतिशास्त्रज्ञ तो तुकडा मेणांत बसवून, केसाहून पातळ काप काढून, निळ्या व गुलाबी रंगांत रंगवितो. विरळ रोगांत तेवढ्यानें भागत नाहीं. तेव्हां प्रतिपिंडांचा उपयोग करून पेशींची जात ओळखतात. ‘सीडी ३१’ हा रंग धरला तर पेशी रक्तवाहिनीच्या, ‘सीके २०’ ठिपक्यासारखा दिसला तर मेर्केलच्या, ‘सीडी ३४’ भरपूर उमटला तर त्या संथ वाढणाऱ्या तंतुमय रोगाची शंका बळावते. या शेवटच्या रोगांत सतराव्या व बाविसाव्या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली असते, आणि तिच्यामुळें काम करणारें इमॅटिनिब नांवाचें औषधहि आज उपलब्ध आहे. म्हणजे नेमकें नांव कळणें हा केवळ विद्वत्तेचा प्रश्न नाहीं. नांवावर उपचार ठरतो.

आतां सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. गांठ काढणें सोपें असतें. पुष्कळ ठिकाणीं ती निघतेहि. पण काढलेली गांठ बादलींत टाकली जाते, आणि तिच्याबरोबर निदानहि जातें. सहा महिन्यांनीं रोग दुप्पट वेगानें परत आला, तर पहिल्या वेळीं काय होतें हें सांगण्यास कोणी उरत नाहीं. हें टाळण्यास मोठी यंत्रसामुग्री लागत नाहीं. रुंद तोंडाची एक बाटली आणि शेंकडा दहा प्रमाणाचें फॉर्मॅलीन, तुकड्याच्या दसपट, एवढें पुरे. नुसत्या पाण्यांत तुकडा कुजतो. बाटलीवर नांव, वय, गांव, डोक्यावरील नेमकी जागा, गांठ किती दिवसांची आणि काढल्याची तारीख लिहावी. अशी बाटली जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयांतून किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयांतून नाशिकला अथवा मुंबईला जाऊं शकते. रोग्याला स्वतःला घांट उतरण्याची लगेच गरज पडत नाहीं. जो प्रवास माणसाला झेपत नाहीं तो बाटलीला झेपतो.

मात्र उत्तर परत येईल तेव्हां रोगी सांपडला पाहिजे. भात-नागली घरांत आली, दिवाळी झाली, कीं या मुलुखांतील कुटुंबेंच्या कुटुंबें वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर कामाला उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडीं परततात. मधल्या सहा-सात महिन्यांत आलेला अहवाल कपाटांत पडून राहिला, तर सारें शास्त्र व्यर्थ. म्हणून तुकडा घेतांनाच रोगी पुढें कोठें जाणार, त्याचा मुकादम कोण, पाड्यावर मागें कोण राहणार, हें लिहून ठेवणें हाहि निदानाचाच भाग समजावा. पाड्यावरील आशा कार्यकर्ती ही या कामीं कोणत्याहि यंत्राहून मोलाची आहे. त्याचप्रमाणें भगताचा उपहास करून कांहीं साधत नाहीं. लोक प्रथम त्याच्याकडे जातात. महिन्यांत न भरलेली जखम आपण ठेवून घ्यावयाची नाहीं, दवाखान्यांत धाडावयाची, एवढें त्याला पटलें तर तोच मोठा साहाय्यक होईल.

वेळेवर ओळखल्यास यांतील पुष्कळ रोग बरे होतात. सभोंवतालची निरोगी त्वचा पुरेशी घेऊन गांठ काढणें, कड सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून आंत रोग उरला नाहीं अशी खात्री करून घेणें, जरूर तेथें किरणोपचार करणें, हे त्याचे मार्ग आहेत. महाराष्ट्रांत महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखालीं नेमलेल्या रुग्णालयांत कर्करोगावरील अनेक उपचार खर्चाशिवाय मिळतात. तेव्हां पैशाच्या धास्तीनें रोग लपवूं नये. उशीर झाल्यास मात्र तीच गांठ हाड पोखरते, आणि मग शल्यवैद्याच्या हातांत फार थोडें उरतें.

सारांश, लक्षांत ठेवावयाचें थोडकेंच आहे. महिन्यांत न जाणारा जांभळा डाग. सहा आठवड्यांत न भरणारी जखम, विशेषतः भाजल्याच्या वणावरची. एकाएकीं वाढूं लागलेलें जुनें आवाळूं. काढल्यावर पुन्हां आलेली गांठ. रंग किंवा आकार बदलणारा तीळ. आणि केस गळून कडक झालेला चट्टा. या सहांपैकीं एकहि खूण दिसली तर ती दुसऱ्या कोणा जाणत्याला दाखवावी. आठवड्यांतून एकदां घरांतील म्हाताऱ्या माणसांचें डोकें धुतांना, विंचरतांना बोटें जरा सावकाश फिरवावीं. आणि कांहीं निराळें हाताला लागलें, तर त्याच आठवड्यांत दवाखान्याची वाट धरावी.